दुकानातले मांजर आणि डब्यातले खाद्य

व्यापाराच्या पानावर मांजराचा विषय कशाला, असे काही वाचक बंधूंना वाटेल. पण लातूरच्या गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी कोणत्याही रस्त्याने जा, मार्केट यार्डातील आडतीवर किंवा एमआयडीसीतील दालमिलमध्ये जा, नाहीतर नांदेडच्या इतवाऱ्यात आणि देगलूर नाक्याच्या गोदामांत डोकावून पाहा. पोत्यांच्या थप्पीवर एखादे मांजर डोळे मिटून बसलेले दिसतेच. उंदीर खातो थोडे आणि नासवतो फार. कुरतडलेल्या बारदानाची आणि लेंड्या पडलेल्या डाळीची भरपाई कोणी देत नाही. म्हणून मांजराचे नाव पगारपत्रकात नसले तरी ते दुकानाच्या कामावर असते, असे आम्ही समजतो. जे कामावर आहे त्याच्या खुराकाचा हिशेब व्यापाऱ्याने करावा यात गैर काय?

दुसरे कारण निव्वळ धंद्याचे आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरात हौसेने मांजर पाळणारे वाढले. लांब केसांची पर्शियन मांजरे आता आपल्या मोहल्ल्यांतही दिसतात. त्यांच्यासाठी पाकिटातील कोरडे दाणे आणि डब्यातील किंवा पाऊचमधील ओले खाद्य जनरल स्टोअर्समध्ये येऊ लागले आहे. गिऱ्हाईक विचारते की दाणे चांगले की डबा? दाण्यावरून डब्यावर आणायचे तर कसे? पुष्कळ दुकानदार यावर खांदे उडवतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांच्या गल्ल्याशेजारी मांजर झोपते त्यांच्यासाठीही.

मांजर गाय नव्हे

आपला मराठवाडा बैलांचा प्रदेश. देवणी आणि लालकंधारी या जाती याच मातीतल्या. जनावराला काय घालावे याचे ज्ञान आपल्याकडे पिढीजात आहे, पण ते कडबा, सरकी आणि पेंडीचे. मांजराच्या बाबतीत हे ज्ञान उपयोगाचे नाही. गाय गवतातून मांस बनवते. मांजराला मांसच लागते. कुत्रे भाकरीवर बऱ्यापैकी निभावून नेते, मांजर नेत नाही. आपण मात्र दोघांनाही एकाच ताटलीतले उष्टे घालतो.

मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचा एक पदार्थ पुरेसा तयार करता येत नाही. हा पदार्थ १८२७ साली जर्मनीत प्रथम बैलाच्या पित्तातून वेगळा काढला गेला, म्हणून त्याचे नाव बैलाच्या लॅटिन नावावरून पडले. तो मांसात, मासळीत आणि विशेषत: हृदयात असतो, धान्यात, डाळीत, दुधभाकरीत जवळजवळ नसतो. १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की टॉरिन न मिळाल्यास मांजराच्या डोळ्याचा मागचा पडदा झिजतो आणि अशी गेलेली नजर परत येत नाही. यापुढची गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील डॉ. पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की नामांकित कंपन्यांचे खाद्य खाणाऱ्या मांजरांचेही हृदय फुगून निकामी होत होते आणि त्याचे कारण टॉरिनची कमतरता हेच होते. टॉरिन देताच कित्येक मांजरे बरी झाली. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढवले. तेव्हा आज डब्यावर ‘टॉरिन’ छापलेले दिसते ती जाहिरातबाजी नव्हे. ते पाहूनच माल घ्यावा.

टॉरिन हे एकच कारण नाही. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते, मांजराचे बनवत नाही. ते त्याला मांसातून तयारच मिळावे लागते. म्हणून मांजराला शाकाहारी करण्याचा प्रयोग कोणी करू नये. कुत्र्याचे खाद्य स्वस्त पडते म्हणून मांजरापुढे टाकू नये, कारण कुत्र्याच्या खाद्यात टॉरिन पुरेसे असेलच असे नाही.

आता घरोघरच्या दुधाबद्दल. मांजर आणि दूध यांची जोडी म्हणींमध्ये पक्की बसली आहे, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातील साखर पचत नाही. पोट बिघडते, आणि दुकानात घाण झाली की मार मांजरालाच बसतो. दूध-रोटीने पोट भरते, शरीर भरत नाही. रश्शातल्या बोटीचेही तसेच. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. बिर्याणीचा किंवा सालनचा शिल्लक मसाला रोज चाटणारे मांजर हळूहळू फिके पडते आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. शिजवलेली हाडे चिरफाळतात व घशात किंवा आतड्यात रुततात. कलेजी आठवड्यातून एखादे वेळी थोडी चालेल. रोज दिली तर ‘अ’ जीवनसत्त्व अति होऊन सांधे आखडतात. कच्ची मासळी सतत घातली तर काही जातींच्या मासळीमुळे ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होते. नुसते उकडलेले कोंबडीचे मांस वाईट नाही, पण त्यात कॅल्शियम नाही. वाढत्या पिलाला महिनोन्‌महिने तेवढेच दिले तर त्याची हाडे ठिसूळ होतात.

उंदीर मात्र मांजरासाठी पूर्ण अन्न आहे: मांस, हाड, हृदय, कलेजी सगळे एका घासात. पण एका उंदरातून मिळणारी शक्ती पाहता मांजराचे पोट भरायला दिवसाला आठ-दहा उंदीर लागतात. ज्या गोदामात रोज आठ-दहा उंदीर सापडतात त्या मालकाने मांजराच्या आधी स्वत:च्या मालाची काळजी करावी.

डब्यात अधिक काय असते?

पाणी. ऐकायला हा विनोद वाटेल, पण दाणे आणि डबा यांतला मुख्य फरक तोच आहे. दाण्यात ओलावा १० टक्क्यांच्या आसपास असतो, डब्यात ७५ ते ८२ टक्के. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. शिकारीच्या अंगातल्या पाण्यावर भागवण्याची सवय त्याच्या रक्तात आहे आणि तहान त्याला उशिरा लागते. कोरड्या दाण्यावरचे मांजर वाटीतून थोडे अधिक पाणी पिते, पण एकंदर पाणी त्याच्या पोटात कमीच जाते. लघवी घट्ट होते, खडे आणि रवाळ गाळ साचण्याचा धोका वाढतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस कोणी विसरलेले नाही. ज्या गावात माणसाची घागर मोजून भरली जाते तेथे मांजराची वाटी कोरडी राहिली तर नवल नाही. नांदेडला गोदावरी आहे, पण मे महिन्यातील पत्र्याच्या गोदामातले ऊन दोन्हीकडे सारखेच. अशा हवेत खाद्याबरोबरच पाणी पोटात जाणे ही मोठी सोय आहे.

नर मांजराच्या बाबतीत हा प्रश्न जिवावरचा होतो. त्याची मूत्रनलिका अरुंद असते. तीत गाळ अडकला की लघवी तुंबते. मांजर पुन:पुन्हा मातीत किंवा वाळूत बसते, कुंथते, ओरडते, थेंबही पडत नाही. मालकाला वाटते की बद्धकोष्ठ झाले, आणि तो एरंडेल शोधतो. हा गैरसमज घातक आहे. लघवी पूर्ण तुंबलेले मांजर एक-दोन दिवसांत दगावू शकते. हे लक्षण दिसताच दुकान मुलाच्या हवाली करून मांजर डॉक्टरकडे न्यावे. डबा हा या आजाराचा औषधोपचार नव्हे. पण आधीपासून ओले खाद्य मिळत असेल तर धोका कमी होतो.

दुसरा फरक पिठाचा. दाणे यंत्रातून दाबून, फुगवून काढतात, आणि ते आकार धरावेत म्हणून त्यात मका, तांदूळ, गहू यांचे पीठ लागतेच. डब्याला ती गरज नाही. मांस भरायचे, डबा हवाबंद करायचा आणि दाबाखालच्या वाफेत सुमारे १२० अंशांपर्यंत तापवायचा. जंतू मरतात, माल टिकतो. दाण्याचा प्रसार कसा झाला हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९२२ पासून कुत्र्यांसाठी घोड्याच्या मांसाचे डबे विकले जात. दुसऱ्या महायुद्धात पत्रा लष्कराकडे गेला, डबे मिळेनासे झाले आणि कोरड्या खाद्याने बाजार धरला. १९५० च्या दशकात फुगवण्याची यंत्रे आली व तो बाजार कायमचा झाला. म्हणजे दाणा जिंकला तो सोयीमुळे आणि स्वस्ताईमुळे. दाण्याने दात साफ होतात असे विक्रेते सांगतात. साध्या दाण्याच्या बाबतीत त्या म्हणण्यात फारसा दम नाही.

याचा अर्थ दाणे विष आहेत असा नाही. चांगल्या कंपनीच्या पूर्ण आहाराच्या दाण्यावर असंख्य मांजरे सुखाने म्हातारी होतात. पण मांजर लठ्ठ असेल, नर असून एकदा लघवीचा त्रास झालेला असेल, पाणी कमी पीत असेल किंवा म्हातारे झाले असेल, तर डब्याकडे वळणे शहाणपणाचे, असे आमचे मत आहे.

लेबल कसे वाचावे

येथे लातूरच्या सोयाबीन व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. गिऱ्हाईक दोन पाकिटे समोर ठेवते: दाण्याच्या पाकिटावर प्रथिने ३२ टक्के, डब्यावर १० टक्के. ते म्हणते, डबा महाग आणि प्रथिने तिसऱ्या हिश्शाची. ही तर लूट आहे. पण ओलावा वजा केल्याशिवाय सोयाबीनचा भाव कोणी काढतो काय? सरकारी खरेदीत १२ टक्के ओलाव्याची अट होती, ती २०२४ च्या हंगामात १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली तेव्हा यार्डात त्याच्यावरच चर्चा होती. तोच हिशेब येथे लावायचा. डब्यात ओलावा ८० टक्के, म्हणजे सुका माल २० टक्के. त्या २० मध्ये १० प्रथिने, म्हणजे सुक्या मालावर ५० टक्के. दाण्यात ओलावा १०, सुका माल ९०, त्यात ३२ प्रथिने, म्हणजे साधारण साडेपस्तीस टक्के. आता सांगा, लूट कोणती?

दुसरी गोष्ट, ‘पूर्ण व संतुलित आहार’ असे शब्द डब्यावर आहेत काय ते पाहावे. काही डबे नुसत्या मासळीच्या किंवा कोंबडीच्या फोडींचे असतात आणि त्यांवर ‘पूरक’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते चवीपुरते ठीक, रोजचे जेवण म्हणून नाही. माणसांसाठीचा टूना मासळीचा डबाही मांजराचे रोजचे जेवण होऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या दुकानदारांच्या जिव्हाळ्याची. घटकांच्या यादीत कोंबडी, मासळी असे स्पष्ट लिहिलेले असले तर प्रश्न नाही. पण काही परदेशी डब्यांवर ‘मांस व प्राणिजन्य पदार्थ’ एवढेच मोघम छापलेले असते आणि त्यात डुकराचा अंश असू शकतो. असा माल विकणे दुरुस्त आहे किंवा नाही हे आम्ही सांगणार नाही. ते आपल्या येथील मुफ्तीसाहेबांना विचारावे. आम्ही एवढेच म्हणू की माल उचलण्यापूर्वी वितरकाकडून घटकांची लेखी माहिती मागून घ्यावी. मांजर स्वत: नापाक नाही, हे हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या रिवायतीवरून बहुतेकांना माहीत आहेच, आणि मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही लहानपणापासून सर्वांनी ऐकलेली आहे.

बदल कसा करावा

येथेच बहुतेकांची फसगत होते. मालक एके दिवशी दाण्याची वाटी उचलतो आणि डबा फोडून ठेवतो. मांजर वास घेते, पंजाने माती लोटल्यासारखे करते व निघून जाते. मालक म्हणतो, भूक लागली की झक मारून खाईल. माणसाच्या हट्टी पोराला हा उपाय लागू पडेल, मांजराला नाही. दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषत: लठ्ठ मांजराच्या, अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते आणि यकृत बंद पडते. यात मांजर मरते. चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर जुने खाद्य परत द्यावे आणि पुन्हा हळू सुरुवात करावी. दुसऱ्या दिवशीही तोंड लावले नाही तर डॉक्टर गाठावा.

खरी पद्धत सात ते दहा दिवसांची आहे. पहिले दोन-तीन दिवस जुने तीन हिस्से, नवे एक हिस्सा. मग निम्मे-निम्मे. मग जुने एक हिस्सा, नवे तीन. त्यानंतर सगळे नवे. ज्या मांजराने लहानपणापासून फक्त दाणेच पाहिले त्याला तीन-चार आठवडेही लागतात, क्वचित अधिक. त्याच्या दृष्टीने ओला गोळा हे अन्नच नव्हे. अशा मांजरासाठी आधी वेळा बांधाव्यात. दिवसभर भरलेली वाटी समोर असेल तर कोणते मांजर नव्या पदार्थाला तोंड लावेल? सकाळी दुकान उघडल्यावर आणि रात्री बंद करताना, अशा दोन वेळा ठरवून वाटी अर्धा तास ठेवावी व उचलावी. दोन्ही खाद्ये एकत्र कालवलेली काहींना चालत नाहीत. त्यांच्यासाठी दोन वाट्या शेजारी ठेवाव्यात, किंवा ओल्या खाद्यावर दाण्याचा चुरा भुरभुरावा. थंड खाद्याला वास नसतो आणि मांजर आधी नाकाने जेवते. म्हणून फ्रिजमधला डबा असेल तर खाद्य वाटीत काढून, वाटी गरम पाण्यात धरून कोमट करावी. डबा तसाच चुलीवर ठेवू नये. मीठ-मसाला न घालता कोंबडी उकडलेले पाणी चमचाभर वर घातले तर अडून बसलेली मांजरेही वाटीकडे येतात.

जुलाब झाले तर एक पायरी मागे यावे. एकदा उलटी झाली तर घाबरू नये. वारंवार झाली तर डॉक्टरला दाखवावे. बकरी ईदच्या आठवड्यात बदल सुरू करू नये, कारण त्या दिवसांत प्रत्येक दारात मांस असते आणि आपले मांजर बाहेरून काय खाऊन आले ते कळत नाही. हौसेने चरबीचे तुकडे घालणारेही तेव्हाच निघतात आणि पोट बिघडल्याचा दोष नव्या डब्याला लागतो.

या कामी व्यापाऱ्याकडे एक साधन आहे जे साहेबलोकांकडे नसते: काटा. दर जुम्याला, किंवा ज्या दिवशी सोयीचे असेल त्या दिवशी, टोपलीचा धडा करून मांजर तोलावे आणि आकडा वहीत टिपावा. चार किलोच्या मांजराचे आठवड्याला ८० ग्रॅमपर्यंत वजन उतरले आणि ते आधी लठ्ठ असले तर चिंता नाही. त्याहून अधिक उतरले, किंवा सडपातळ मांजराचे उतरू लागले, तर बदल थांबवावा. नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही, कारण केसांच्या खाली बरेच लपते.

गर्भार मांजरी, पिले आणि मूत्रपिंडाच्या किंवा मधुमेहाच्या आजारावरचे मांजर यांच्या खाद्यात आपल्या मनाने बदल करू नये. मधुमेहावर सुई चालू असेल तर डब्यावर आणताच साखर उतरते आणि तीच सुई जास्त होते. आपल्या भागातले बहुतेक पशुवैद्य म्हशी-बैलांत मुरलेले असतात, पण उदगीरचे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय लातूरलाही जवळ आहे आणि नांदेडलाही. नांदेडकरांना रेल्वेने परभणीचे महाविद्यालयही सोयीचे पडते.

खर्चाचा हिशेब

चार किलोच्या, खच्चीकरण झालेल्या, घरात राहणाऱ्या मांजराला दिवसाला २०० ते २५० कॅलरी पुरतात. दाण्यावर ठेवायचे तर सुमारे ६० ग्रॅम, महिन्याला १ किलो ८०० ग्रॅम. नुसत्या ओल्या खाद्यावर ठेवायचे तर ८०-८५ ग्रॅमचे तीन पाऊच. समजा पाऊच ४५ रुपयांना आणि दाणे ४०० रुपये किलो धरले, तर दाण्याचा खर्च महिना ७२० रुपये आणि पाऊचचा ४,०५० रुपये होतो. शिलाई मशीन चालवणाऱ्या किंवा लोहारकाम करणाऱ्या भावाला चार हजार रुपये मांजरावर घाल असे सांगायला आमची जीभ रेटत नाही. मोठा डबा ग्रॅमच्या भावाने बरेचदा स्वस्त पडतो, पण उघडल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो. उन्हाळ्यात वाटीतले ओले खाद्य तासाभराहून अधिक उघडे ठेवू नये. दुकानात फ्रिज नसेल तर पाऊचच बरा.

मधला मार्ग असा: रोज एक पाऊच आणि ४० ग्रॅम दाणे. पाऊचचे १,३५० आणि दाण्याचे ४८०, मिळून १,८३० रुपये. पाणी वाढते आणि खर्च निम्म्याखाली येतो. पाऊचमध्ये आणखी तीन-चार चमचे कोमट पाणी कालवले तर फुकटचा फायदा. हेही झेपत नसेल तर पूर्ण आहाराचे दाणे भिजवून द्यावेत (भिजवलेले तासाभरात उचलावेत), पाण्याच्या दोन-तीन वाट्या निरनिराळ्या जागी ठेवाव्यात आणि चिकन सेंटरवरून दिल व पोटा आणून बिनमिठाचे उकडून, उकडलेल्या पाण्यासकट, थोडे वरून घालावे. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी फेकू नये. हे वरचे खाणे एकूण खुराकाच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवावे.

पोट भरले तर मांजर उंदीर धरायचे सोडेल, ही आडतवाल्यांची जुनी शंका. मांजर भुकेपोटीच शिकार करते असे नाही. पोट भरलेले मांजरही हालचाल दिसली की झेप घेते. तरी शंका अगदीच निराधार नाही. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भरपूर मांसाचे, बिनधान्याचे खाद्य दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. म्हणजे घटली, थांबली नाही. उपाशी, खंगलेले मांजर गोदाम राखील ही कल्पना मात्र सोडून द्यावी. अशक्त मांजर मोठ्या घुशीपुढे टिकत नाही. आणि ज्या गोदामात मांजर आहे तेथे उंदराचे औषध टाकू नये. औषध खाऊन लडबडणारा उंदीर मांजराला सर्वांत आधी सापडतो.

माल ठेवणाऱ्यांसाठी

हा धंदा आपल्या दोन्ही शहरांत अजून लहान आहे. मार्स कंपनीचा कारखाना तेलंगणात सिद्दीपेट जिल्ह्यात आहे, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. थायलंडमध्ये मासळी डबाबंद करण्याचा धंदा मोठा असल्याने तेथून मांजराचे ओले खाद्य जगभर जाते. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा कुत्र्या-मांजराच्या किरकोळ विक्रीच्या खाद्यावर १८ टक्के दर लागला. पशुखाद्य करमुक्त आहे म्हणून हेही करमुक्त असेल असे समजून कोणी भाव ठरवू नये. सुरुवातीला एका कंपनीच्या दोन चवी, तेवढ्याच ठेवाव्यात. मांजराला चव पटली नाही की गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून पहिल्या वेळी एकच पाऊच विकावा आणि वर सांगितलेली सात दिवसांची पद्धत तोंडी समजावून द्यावी. डझन गळ्यात मारण्यापेक्षा हे परवडते.

मोठी गोणी फोडून सुटे दाणे विकण्याची चाल पडत चालली आहे, ती आम्हाला पसंत नाही. दाण्यावरचे तेल हवेने खवट होते, आणि तारीख व बॅच नंबर गोणीवरच राहतात. फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर चेपलेला डबा सवलतीत विकू नये, तो परत करावा. डबे साबण, अगरबत्ती आणि फिनेलपासून दूर ठेवावेत.

बॅच नंबरचे महत्त्व २००७ साली जगाला कळले. मार्च महिन्यात कॅनडाच्या मेनू फूड्स या कंपनीला कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे सुमारे ६ कोटी डबे व पाऊच बाजारातून परत मागवावे लागले. त्यातील चीनहून आलेल्या गव्हाच्या प्रथिनांत मेलामाईन नावाचे रसायन मिसळलेले निघाले. ते प्लास्टिकच्या धंद्यातले. पण प्रयोगशाळेच्या चाचणीत त्यामुळे प्रथिने अधिक दिसतात, म्हणून भेसळ केली गेली. तुरीच्या डाळीत लाखेची डाळ मिसळणाऱ्यांना ओळखून असलेल्या आपल्या व्यापाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही. कित्येक जनावरांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्या वेळी ज्यांच्याकडे खरेदीचे बिल आणि बॅच नंबर होता त्यांना माल ओळखून बाजूला काढता आला. म्हणून वितरकाकडून पक्के बिल घ्यावे, त्यावर बॅच नंबर टिपून ठेवावा, आणि गिऱ्हाईकालाही सांगावे की रिकामा पाऊच मांजराने खाद्य पचवेपर्यंत, निदान दोन-तीन दिवस, फेकू नये.